वेड्या बाभळीची दीडशे वर्षं

बीड जिल्ह्यात कुठल्याही रस्त्याने जा, एक झाड तुम्हाला न चुकता भेटणार. ओढ्याच्या काठाला, गायरानात, पाझर तलावाच्या बांधावर आणि चार वर्षं कुणी नांगर न फिरवलेल्या रानात. नाव वेडी बाभूळ. कुणी विलायती बाभूळ म्हणतं. आपल्या गावरान बाभळीशी तिचं नातं फक्त नावापुरतं. गावरान बाभळीला पिवळे गोल गोंडे येतात, शेंगा मण्यांच्या माळेसारख्या असतात आणि तिच्या लाकडातून औत, तिफण, गाडीचं चाक असं अख्खं शेत उभं राहायचं. वेडीला लांबट तुरे, सरळसोट पिवळट गोड शेंगा आणि चपलेचा तळवा फोडून पायात शिरणारा काटा.

या विकेंडला तिचा इतिहास लिहायला घेतला त्याचं कारण घरचंच आहे. ते पुढे सांगतो. आधी ही बाई आली कुठून ते बघू.

ती मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडची. भारतात ती आपणहून आलेली नाही, रीतसर सरकारी पत्रव्यवहार करून आणलेली आहे. मद्रास इलाख्यात रिचर्ड बेडोम नावाचे एक वनाधिकारी होते. साप आणि नेचे यांच्या अभ्यासामुळे हे गृहस्थ आजही जीवशास्त्राच्या पुस्तकांत सापडतात. १८७६ मध्ये त्यांनी सरकारला लिहिलं की रुक्ष भागात लावायला या झाडाचं बी मागवावं. १८७७ मध्ये जमैकाहून बी आलं आणि आजच्या आंध्रातल्या कडप्पा भागात कमलापुरमला पेरलं गेलं. पुढच्याच वर्षी ते सिंधमध्येही पोचलं.

त्या काळाच्या चष्म्यातून पाहिलं तर मागणी अगदी योग्य होती. लाकूड हेच इंधन होतं. घरातली चूल लाकडावर आणि दक्षिणेत रेल्वेची इंजिनंसुद्धा लाकडावर चालत. जंगलं भराभर संपत होती. १८७६ सालीच मद्रास आणि दख्खनमध्ये तो भयानक दुष्काळ सुरू झाला. अशा वेळी पाणी नको, राखण नको, जनावर पाला खात नाही आणि जळण मात्र उत्तम, असं झाड कुणाला नको असेल?

आणि झाडाने शब्द पाळला. एवढा पाळला की १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने त्याला शाही वृक्षाचा मान दिला. १९६०-६१ मध्ये गुजरातच्या वनखात्याने कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशाच्या कडेने सुमारे ३१ हजार हेक्टरवर ते लावलं, रणातलं मीठ पुढे सरकू नये म्हणून. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने सांगितलं की गावाचं जळण गावाच्याच पडीक जमिनीवर उगवलं पाहिजे, त्यातून सामाजिक वनीकरण आलं. कोरड्या मुलखात 'लावलं की जगतं' अशा झाडांच्या यादीत वेडी बाभूळ वरच्या नंबरला असणार हे उघडच होतं.

पुढे काय झालं ते लोकांनी ठेवलेल्या नावांवरून कळतं. मराठीत वेडी. गुजरातीत गांडो बावळ, म्हणजे पुन्हा वेडाच. तमिळमध्ये सीमै करुवेलम, यातला सीमै म्हणजे परदेशी. कानडीत बळ्ळारी जाली, म्हणजे ही बला शेजारच्या जिल्ह्याची. तेलुगूत तर चक्क सर्कार तुम्मा, सरकारी बाभूळ! दीडशे वर्षांत एकाही भाषेने तिला आपलं म्हटलेलं नाही. शास्त्रज्ञांनीही २०२२ मध्ये तिची प्रजाती बदलली. प्रोसोपिस ज्युलिफ्लोराची आता नेल्टुमा ज्युलिफ्लोरा झाली. नाव बदललं, काटा तोच :-)

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. केनियातल्या बरिंगो भागात १९८० च्या दशकात सरकार आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या प्रकल्पातून हे झाड आलं. गोड शेंगा खाऊन खाऊन तिथल्या शेळ्यांचे दात किडून पडले. लोक कोर्टात गेले आणि २००६ मध्ये पुरावा म्हणून एक बोळकी शेळी कोर्टात हजर केली गेली. हसू येतं खरं, पण ज्याचं पोटच शेळीवर आहे त्याला यात हसण्यासारखं काही नव्हतं.

आता इंजिनियरच्या आवडीचा प्रश्न. ही काढायची कशी?

अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात माजलेलं रान साफ करायला फॉरेस्ट्री मल्चिंग नावाचा प्रकार चालतो. (आपल्याकडे मल्चिंग म्हटलं की टरबुजाच्या बेडवरचा प्लास्टिक पेपर आठवतो, ते वेगळं.) मशीनच्या तोंडाला एक जाडजूड ड्रम, ड्रमवर पोलादी दात. ड्रम गरगर फिरतो आणि झुडूप उभ्याउभ्या भुगा होऊन जमिनीवर पसरतं. पेटवापेटवी नाही, ढिगारे वाहायचे नाहीत, माती उघडी पडत नाही आणि भुशाचं आच्छादन ओल धरून ठेवतं. ट्रॅक्टरवर उसाच्या पाचटाची कुट्टी करणारं यंत्र पाहिलं असेल, तर त्याचाच हा थोरला भाऊ समजा.

वाचायला झकास वाटतं. पण वेड्या बाभळीचा जीव बुंध्यात नसतो, जमिनीखाली वीतभर खोल असलेल्या बुडख्यात असतो. तिथे डोळे झोपलेले असतात. वरचं खोड कापलं की ते जागे होतात आणि एका खोडाच्या जागी सात-आठ धुमारे येतात. म्हणजे नुसती कुऱ्हाड काय आणि नुसता मल्चर काय, दोन्ही तिची छाटणी करून देतात. बुडखा उपटायलाच हवा. म्हणून आपल्याकडे जेसीबी चालतो. बुडखा निघाला तरी बी उरतंच. शेळ्या-गुरांच्या पोटातून गेलेलं बी लेंडीत, शेणात खतासकट पेरलं जातं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. पहिल्या पावसाला हिरवी लव उगवली की ती हाताने उपटावी लागते. त्या वर्षी, पुढच्या वर्षी आणि त्याच्याही पुढच्या वर्षी.

जुन्या लोकांना हे गणित माहीत होतं, फक्त त्यांचा शत्रू वेगळा होता. काळ्या रानात हरळी आणि कुंदा माजला की लाकडी नांगर वरवर खरवडायचा आणि मुळं खाली सुखरूप राहायची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती, गिऱ्हाईक मिळेना. पुढे तोच नांगर घरोघरी गेला, कारण तो मुळापर्यंत पोचत होता. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतात कांस गवताने लाखो एकर जमीन गिळली होती. १९४७ मध्ये केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली, युद्धानंतर उरलेले अमेरिकन ट्रॅक्टर तिच्या कामाला लागले. १९४९ मध्ये भारताने या कामाच्या यंत्रांसाठी जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलर कर्ज घेतलं. स्वतंत्र देशाच्या अगदी पहिल्या कर्जांपैकी एक तण काढण्यासाठी होतं, ही गोष्ट मला फार आवडते. तंत्र तेच, भर उन्हाळ्यात खोल नांगरट करायची आणि मुळं उन्हात वाळवून मारायची.

आता घरची गोष्ट. पाटोदा तालुक्यात ओढ्यालगत आमचं साडेतीन एकर रान आहे. आजोबा गेल्यापासून पडीक. आज त्यात माणूस शिरू शकत नाही. माझे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, काकूबरोबर वीस हंगाम ऊसतोडीला गेले. आता त्यांचा मुलगा आणि सून जातात. दसरा झाला की टोळी निघते आणि उन्हाळा लागल्यावर परत येते. सहा महिने रानाला मालकच नाही. तेव्हा आमच्या रानात बाभूळ का वाढली याचं अर्धं उत्तर तिच्या मुळांत आहे आणि अर्धं साखर कारखान्यांच्या हंगामात.

उन्हाळ्यापूर्वी एक कोळसावाला आला. म्हणाला, सगळं फुकट तोडून नेतो, एक रुपया देऊ नका. भाऊ खूश. मी वर सांगितलेलं धुमाऱ्यांचं गणित मांडलं, जेसीबीचे तास मोजले, आम्ही पुण्यातले दोघं भाऊ खर्च उचलतो म्हणालो. एक्सेल शीट तयारच होती. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुळासकट काढून द्याल रे. पण दसऱ्यानंतर हितं राहणार कोण?"

या एका वाक्यात मला बेडोमपासून बन्नीपर्यंतचा इतिहास दिसला. दर वेळी बियाण्यासाठी तरतूद होती. लावण्यासाठी, तोडण्यासाठी, यंत्रासाठी तरतूद होती. पुढच्या तीन पावसाळ्यांत रोज सकाळी रानात जाणाऱ्या माणसासाठी तरतूद कधी फारशी नव्हतीच. आमच्या भाषेत सांगायचं तर रिलीजचं बजेट होतं, मेंटेनन्सचं नव्हतं.

मग मी शीटमध्ये एक ओळ वाढवली. भावाला म्हटलं, मुकादम जेवढी उचल देतो तेवढी रक्कम या वर्षी आम्ही देतो, तुम्ही दोघं कोयता घेऊन जाऊ नका. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "उचल म्हणून नको दादा. उचल फिटता फिटत न्हाई. भागीदारी म्हणून दे, निम्मं पीक तुमचं."

ठरलं ते असं. पावसाच्या आधी जेसीबीने दोनच एकर साफ करायचं, बुडख्यांसकट. लाकूड काकूच्या चुलीला आणि कुंपणाला, उरलेलं कोळसावाल्याला, पण या वेळी फुकट नाही. मोकळ्या रानात तूर आणि बांधाला चारा, कारण जमीन उघडी राहिली की बाभूळ परत येणारच. ओढ्याची कड तूर्त तशीच ठेवायची. तिथे करंज आणि लिंब हाताला लागेपर्यंत काठ धरून ठेवायला निदान ही वेडी तरी आहे. दीडशे वर्षांपूर्वी तिला ज्या कामासाठी आणलं होतं, ते ती आजही चोख करते.

भाऊ आणि वहिनी यंदाच्या दसऱ्याला गावात असतील की फडात, ते तुरीवर आणि पावसावर आहे. शीटमध्ये त्यासाठी कॉलम नाही.