बुडालेल्या पोथ्या आणि अलिखित वंशावळ

ग्रंथालयातील काही कपाटे मोजक्या जिज्ञासूंसाठीच उघडली जातात. कुलवृत्तान्तांचे कपाट त्यांपैकी एक. बृहन्महाराष्ट्रात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांना या ग्रंथांचे विशेष अगत्य असते. आपले मूळ गाव कोणते, कोणता पूर्वज कोणाच्या पदरी चाकरीस राहून इकडे आला, हे त्यांत शोधावयाचे. हा शोध बहुधा सात-आठ पिढ्यांपाशी थांबतो. सनदा, इनामपत्रे आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांच्या पलीकडे कागद मुका होतो. बोलतो तेव्हाही तो पुरुषांविषयीच बोलतो. घरात आलेल्या सुनेचे माहेरचे नाव सापडले तर नशीब. तिच्या आईचे नाव सापडणे जवळजवळ अशक्यच.

ज्यांच्यापाशी मुळात कागदच नाही, त्यांनी काय करावे? या प्रश्नाला अलीकडे डीएनए चाचणी हे एक उत्तर मिळाले आहे. ते कितपत खरे आणि किती अपुरे, हे पाहण्यास मराठी भाषकांतीलच एका समाजाचा इतिहास उपयोगी पडतो. हा समाज म्हणजे कोकणातील बेने इस्रायल.

त्यांची परंपरागत कथा अशी : छळातून निसटलेल्या यहुद्यांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ, सामानसुमान, सारे समुद्राने गिळले. वाचलेल्यांनी कुलाबा जिल्ह्यातील गावोगाव तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. पेणकर, दिवेकर, केहीमकर अशी गावांवरून आडनावे पडली. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी या समाजाचा इतिहास इंग्रजीत १८९७ मध्ये लिहिला. तो तेल अवीव येथे १९३७ मध्ये छापला गेला. त्यांनी हे आगमन इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास झाले असे मानले. पुरावा म्हणून त्यांच्यापुढे होते ते आचारांतील अवशेष : शब्बाथ, सुंता, काही सण आणि ‘शेमा’ ही प्रार्थना. पोथ्या बुडाल्याची कथा सांगणाऱ्या समाजाकडे पोथीचा दाखला मागणे म्हणजे क्रौर्यच होते. पण तो मागितला गेला.

स्वातंत्र्योत्तर काळात यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. यहुदी धर्मशास्त्रानुसार यहुदीपण आईकडून येते. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना आदेश दिला, की बेने इस्रायल वधूवरांच्या मातृकुळाची चौकशी शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत करावी. कोकणातल्या एखाद्या खेड्यातील पणजीच्या आईचा दाखला जेरूसलेममध्ये कोण आणि कोठून सादर करणार? समाज चिडला, धरणी धरली गेली आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये तेथील संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदीच होत असा निर्वाळा दिला. हा निर्वाळा प्रयोगशाळेने दिलेला नव्हता. प्रस्तुत लेखकाच्या मते ते उचितच झाले. कारण पुढे प्रयोगशाळेने जे सांगितले, ते कोणत्याच पक्षाला पुरतेपणी सोयीचे नव्हते.

ही चाचणी नेमके काय वाचते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. पित्याकडून केवळ पुत्राकडे जाणारे ‘वाय’ गुणसूत्र पितृवंशाचा माग दाखवते. पेशीतील तंतुकणिकांचा डीएनए केवळ मातेकडून येतो. म्हणून तो आई, आजी, पणजी अशा एकाच रेषेने मागे नेतो. कुलवृत्तान्ताने गाळलेली रेषा ती हीच. उरलेल्या गुणसूत्रांत दोन्हीकडचा वारसा मिसळलेला असतो आणि त्यातील सलग तुकडे दर पिढीस तुटून आखूड होत जातात. तुकड्यांच्या लांबीवरून दोन समाजांचे मीलन किती पिढ्यांपूर्वी झाले, याचा अदमास बांधता येतो. दहा पिढ्या मागे गेल्यास पूर्वजांच्या जागा १०२४ होतात. वंशावळीच्या तक्त्यात मात्र आपण त्यांतील एकाचेच नाव लिहून धन्य होतो!

तंतुकणिकांवरील २००८ च्या एका अभ्यासात बेने इस्रायलांच्या मातृरेषांत स्थानिक भारतीय मूळ ठळकपणे दिसले. त्यानंतर २०१६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी इतरांच्या सहकार्याने १८ बेने इस्रायल व्यक्तींच्या संपूर्ण गुणसूत्रसंचातील नोंदी तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केला. या समाजात मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरघोस आहेत. यहुदी वारसा मुख्यतः पुरुषांकडून आणि भारतीय वारसा मुख्यतः स्त्रियांकडून आला आहे. आणि हे मीलन सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण ६५० ते १०५० वर्षांपूर्वी घडले आहे.

समुद्रापलीकडून आलेल्या पूर्वजांची आठवण खोटी नव्हती, हे यावरून स्पष्ट होते. ज्यांना केवळ ‘धर्म बदललेले तेली’ म्हणून हिणवले गेले असेल, त्यांची बाजू येथे भक्कम होते. परंतु कथेतील सात स्त्रियांचे काय? समाजाच्या बहुसंख्य आदिमाता गलबतातून उतरलेल्या नसून किनाऱ्यावरच्याच होत्या, असे दिसते. काळाविषयी मात्र जपून बोलावे लागते. मीलनाचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे. आलेले लोक कित्येक पिढ्या वेगळे राहिले असणे शक्य आहे. म्हणून केहीमकरांचे इ. स. पूर्व १७५ हे अनुमान या चाचणीने सिद्धही होत नाही आणि खोटेही ठरत नाही. शिवाय १८ व्यक्ती म्हणजे संपूर्ण समाज नव्हे.

या निष्कर्षाचा खरा चटका वेगळाच आहे. खुद्द बेने इस्रायलांत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. स्थानिक स्त्रियांपासून झालेली संतती ती ‘काळी’ मानून तिच्याशी रोटीबेटी व्यवहार टाळला जाई. मीलन जर वीस-तीस पिढ्यांपूर्वीचे असेल, तर ते एका शाखेपुरते राहणे कठीण; गोरेपणाचा अभिमान बाळगणाऱ्या घरांच्या मुळाशीही कोकणातलीच एखादी आई असण्याचा संभव मोठा. जेरूसलेमच्या धर्मपीठाने विचारलेला प्रश्न नवगाव-रेवदंड्याच्या परिसरात आधीच विचारला जात होता, आणि विचारणारे आपल्याच पणजीला नाकारीत होते.

आईचा धर्म कोणता, हे तंतुकणिका सांगत नाहीत. त्या स्त्रियांनी यजमानांचा धर्म रीतसर स्वीकारला की केवळ संसार स्वीकारला, त्यांची नावे काय, गावे कोणती, यांतले काहीच चाचणीत उमटत नाही. उमटतात ती फक्त नाती. त्यांच्या लेकरांनी मात्र मराठी सोडली नाही. १८८० च्या सुमारास हे लोक बायबलमधील आख्यानांवर मराठीत कीर्तने करू लागले. अभंग, साकी, दिंडी सर्व थाटासह. पुढे इस्रायलमध्ये गेल्यावर त्यांनी मराठी नियतकालिक काढले, त्याचे नाव ‘मायबोली’.