रांग कुठे लावायची?

गेल्या महिन्यात घरचा राउटर बदलायला काढला. रूममेटचा बॅकअप सुरू झाला की माझा ऑफिसचा कॉल तुटायचा, एकदा तर क्लायंटसमोर नेमकं मी बोलत असताना! बँडविड्थ भरपूर होती. मग घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला बसलो आणि थेट १९८५ सालात पोचलो.

त्या वर्षी जॉन नेगल यांनी आरएफसी ९७० मध्ये एक गमतीदार प्रश्न घेतला. स्विचला अमर्याद मेमरी दिली तर? तर गर्दीत रांग वाढतच जाते आणि पॅकेटचा नंबर लागेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. मेमरी अमर्याद, पोचत मात्र काहीच नाही.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, लॉरेन्स बर्कले लॅब ते बर्कले विद्यापीठ या जेमतेम ४०० यार्डांत वेग ३२ केबीपीएसवरून ४० बीपीएसवर आला. (पानभर मजकूर चालत नेऊन दिला असता तर आधी पोचला असता.) मग व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला शिस्त लावली: पॅकेट गळलं की गर्दी समजायची, वेग कमी करायचा.

गोची इथेच आहे. मेमरी स्वस्त झाली, बफर फुगले, पॅकेट गळेनात, आणि टीसीपीला गर्दी कळेना. १ एमबीपीएस अपलोडवर २५६ केबीचा बफर भरला तर रिकामा व्हायला २ सेकंद! जिम गेटिस यांना २०१० मध्ये स्वतःच्या घरी हेच दिसलं. त्यांनी नाव दिलं, बफरब्लोट. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी कोडेल आणला. तो रांगेची लांबी मोजत नाही, पॅकेट किती वेळ ताटकळलं ते मोजतो. हा वेळ सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला की पॅकेट टाकायला लागतो. त्याच वर्षी लिनक्स ३.५ मध्ये आलासुद्धा.

असो, हार्डवेअरकडे येतो. मोडेममधली रांग आपल्या हातात नसते. म्हणून गेटवेवर लाइनपेक्षा जरा कमी वेग बांधायचा, म्हणजे रांग आपल्याकडे लागते. पण मग प्रत्येक पॅकेट सीपीयूच्या हातून जातं. खोक्यावरचा गिगाबिटचा आकडा बहुतेकदा हार्डवेअर ऑफलोडचा, शेपिंगमध्ये त्याचा उपयोग नाही. डेव्ह टाट यांच्या सेरोडब्ल्यूआरटी प्रकल्पात वापरलेला नेटगिअर डब्ल्यूएनडीआर३८०० हा ६८० मेगाहर्ट्झचा. शेपिंग लावलं की साधारण ५०-६० एमबीपीएसला दमायचा. त्यामुळे कोअर किती यापेक्षा एक कोअर किती पळतो ते बघितलं, आणि दोन लॅन पोर्टवाला जुना मिनी पीसी उचलला.

दुकानदार म्हणाला, "सर, ८ जीबी टाकून घ्या, फरक पडेल."

म्हटलं, ४ पुरे.