गोलमेजावरची आमची खुर्ची

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्ही चार ओळी लिहा, असा समितीचा निरोप आला. आम्ही काही लेखक नव्हे. उभी हयात गिरणीत गेली. जे वाचले ते रात्रपाळी करून, विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून. तेव्हा चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

देशाचे धोरण ठरवायला मोठमोठ्या परिषदा भरतात. आत उद्योगपती, बॅरिस्टर, अधिकारी बसतात आणि बाहेर येऊन सांगतात, कामगारांच्या हिताचा निर्णय झाला. आमची गिरणी बंद करायचे ठरले तेव्हा आम्ही गेटवर उभे होतो. निर्णय आत झाला, आम्हाला तो नोटीस बोर्डावर वाचायला मिळाला. तेव्हापासून कुठलीही परिषद असो, आम्ही एकच विचारतो : आमच्या वतीने आत कोण होता, आणि त्याला पाठवला कुणी?

हा प्रश्न जुना आहे. १२ नोव्हेंबर १९३० रोजी लंडनला पहिली गोलमेज परिषद सुरू झाली. उद्घाटनाला खुद्द पंचम जॉर्ज बादशहा. संस्थानिक, दिवाण, जमीनदार, सर, रावबहादूर मिळून नव्वदीच्या घरात प्रतिनिधी. त्यांत कामगारांचे म्हणून दोघे, ना. म. जोशी आणि बी. शिवराव. अस्पृश्यांचे म्हणून दोघे, परमपूज्य बाबासाहेब आणि मद्रासचे आर. श्रीनिवासन. कोट्यवधी कष्टकऱ्यांना चार खुर्च्या! आणि त्या खुर्च्यांवर कुणी बसायचे, तेही सरकारनेच ठरवले. आमच्या आजोबांना कुणी विचारले नव्हते. विचारणार कसे? त्यांना मतच नव्हते.

पण या चौघांनी एक मोठे काम केले. मताधिकाराचा विषय निघाला तेव्हा बाकीचे लोक शिक्षण आणि मालमत्तेच्या अटी मोजत होते. हे चौघे म्हणाले, प्रत्येक प्रौढ माणसाला मत द्या. बाबासाहेबांनी ही मागणी १९२८ साली सायमन कमिशनपुढेही केली होती. ज्याच्या घरात हक्क नाही, त्यालाच तो मागायचे सुचते.

काही मंडळी विचारतात, कामगारांचे पुढारी होते ना तिथे, मग अस्पृश्यांना वेगळा माणूस कशाला? याचे उत्तर गिरणीतच मिळते. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार चांगला. पण तिथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी बदलली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावीना. म्हणून आपले लोक कमी पगाराच्या खात्यांत राहिले. १९२८ च्या मोठ्या संपात मुंबईचे सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. त्या वेळी हा अन्याय बाबासाहेबांना युनियनच्या पुढाऱ्यांपुढे मांडावा लागला. मालकाने केलेला अन्याय पुढाऱ्यांना दिसत होता, शेजारच्या कामगाराने केलेला दिसत नव्हता. म्हणजे कामगारांचा प्रतिनिधी बसला, एवढ्याने सगळे कामगार आत बसले असे होत नाही.

१९३१ च्या दुसऱ्या परिषदेत गांधीजींनी सांगितले की अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व आपण स्वतः करतो. बाबासाहेब सरकारने नेमलेले आहेत, हाही आक्षेप होताच. बाबासाहेबांनी ते नाकारले नाही. निवडणूक घेतली तरी माझी जागा इथेच असेल, असे ते उत्तरले. हे बोलून ते थांबले नाहीत. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात त्यांचे बहुतेक उमेदवार निवडून आले. ते स्वतः मुंबईतून आले. मताधिकार अजून थोड्यांनाच होता, तरी खुर्ची आता लोकांनी दिलेली होती. आम्हाला वाटते, गोलमेजातल्या आक्षेपाचे खरे उत्तर ते हेच.

पुढे बाबासाहेब मजूर खात्याचे मंत्री झाले. ७ ऑगस्ट १९४२ रोजी दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली मजूर परिषद भरली. आधीच्या तीन परिषदांत फक्त सरकारी माणसे होती. या वेळी मालक आणि कामगार पहिल्यांदा समोरासमोर बसले. याच वाटेने १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत किमान वेतन कसे मोजायचे ते ठरले : माणशी २७०० उष्मांकाचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. गिरणीत लाखो वार कापड निघे, पण कामगाराच्या घरात किती हवे हे परिषदेने तेव्हा मोजले! त्याच परिषदेचे ४६ वे अधिवेशन २०१५ साली झाले आणि नंतर वर्षानुवर्षे बोलावणेच आले नाही. खुर्ची मिळाली म्हणजे ती कायमची राहते, असे नाही.

तेव्हा मोठ्यांच्या परिषदेत गरिबाचे कधीच भले होत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. होते, पण आतल्या माणसाला आपले दुःख ठाऊक असेल, बाहेर आपण संघटित असू, आणि परत आल्यावर त्याला हिशेब विचारू, तेव्हाच. हा नियम आपल्यालाही लागू आहे. या विहाराची झाडलोट, वर्गणी, वर्षावासातली जेवणे माताभगिनी सांभाळतात. पण समितीच्या बैठकीला त्यांच्यापैकी किती जणी बसतात? पुढच्या वर्धापन दिनाआधी एवढे तरी मोजू या.

जयभीम! नमो बुद्धाय!