चटई पसरेल तेवढंच घर



मागच्या बैठकीला आपल्या गटातल्या एका ताई पेपरातलं एक पान घडी करून घेऊन आल्या. मुलगा मुंबईच्या बाजूला नोकरीला आहे. त्याला घर घ्यायचंय आणि त्यासाठी गावाकडचं थोडं रान विकायचा विचार चाललाय. पानावर उंच इमारत, पोहायचा तलाव, हिरवळीवर हसणारं कुटुंब. खाली ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत काहीबाही. ताई म्हणाल्या, “सगळं दाखवलंय, पण चूल कुठं मांडायची तेवढं दिसत नाही.”

आम्ही हसलो, पण लगेच गप्पही झालो. रान एकदाच विकता येतं. म्हणून आज मुंबईच्या घरांची गोष्ट सांगतो. घर महाग कसं झालं आणि त्याचं माप कागदावरून कसं निसटत गेलं, ते पाहू.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढे कोकणातून, साताऱ्याकडून, कोल्हापुराकडून आपलीच माणसं तिथे गेली. गावमंडळाची एक खोली असायची. भिंतीला ट्रंका, कोपऱ्यात वळकट्या. दिवसपाळीचा कामावर गेला की त्याच्या जागेवर रातपाळीचा झोपायचा. या माणसांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायकाच चालवत.

१८९६ साली प्लेग आला. कोंदट वस्त्यांचे हाल सरकारच्याही डोळ्यांवर आले आणि १८९८ साली शहर सुधारण्यासाठी ट्रस्ट निघाला. १९२० नंतर सरकारी विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि आताच्या ना. म. जोशी मार्गावर चाळी बांधल्या. त्या बीडीडी चाळी. खोली १६० चौरस फूट, संडास सामाईक. जागा अपुरीच, पण तिच्या मापात फसवणूक नव्हती. दारात उभं राहिलं की किती चटया मावतील ते दिसायचं.

मग दुसरं महायुद्ध आलं. शहरात माणसं वाढली, घरं वाढली नाहीत. भाडी भडकू नयेत म्हणून १९४७ साली भाडे नियंत्रणाचा कायदा झाला आणि भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला आधार मिळाला. पण घरमालकाचा डागडुजीतला रस गेला आणि भाड्यासाठी नवी घरं बांधणं कमी होत गेलं. भाडं नाममात्र, पण खोलीत पाऊल टाकायला आधी मोठी रक्कम द्यायची, तिला ‘पागडी’ म्हणत. ती बहुतेक रोख आणि बिनपावतीची. उद्या वाद झाला तर दाखवायला हातात काही नाही. म्हणजे आधी किंमत कागदावरून गेली.

पुढे मालकी हक्काचे फ्लॅट आले. बिल्डर पैसे घ्यायचे आणि कागद द्यायला टाळायचे. म्हणून १९६३ साली महाराष्ट्राने मालकी फ्लॅटचा कायदा केला. लेखी करार करायचा आणि तो नोंदवायचा, असं त्यात आलं. पण जमिनीची टंचाई तशीच राहिली. १९७६ च्या जमीन कमाल धारणा कायद्याने जास्तीची जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळायची होती, पण बरीच जमीन कोर्टकचेरीत अडकून पडली. १९८२ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि तिच्या जमिनीवर टॉवर उठले. ज्यांनी तिथे घाम गाळला त्यांना तिथलं घर परवडेना.

घर इतकं महागलं की ते मोठं दिसावं म्हणून मापच फुगवलं गेलं. ‘सुपर बिल्टअप’ हा शब्द आला. जिना, लिफ्ट, इमारतीचा दरवाजा, सगळ्यांतला वाटा तुमच्या घराच्या मापात धरायचा. समजा, जाहिरातीत ६०० चौरस फूट आणि दर फुटाला १०,००० रुपये. किंमत झाली ६० लाख. आत टेप लावली तर ४०० फूट. म्हणजे खरा दर १५,००० रुपये झाला. बाजारात कुणी किलोचे पैसे घेऊन पाऊण किलोपेक्षाही कमी माल दिला तर आपण तराजू उलटा करून बघतो. इथे आयुष्याची कमाई जाते.

म्हणून २०१६ साली संसदेने ‘रेरा’ कायदा केला आणि २०१७ पासून आपल्या राज्यात ‘महारेरा’ काम करू लागलं. आता किंमत चटई क्षेत्रावर, म्हणजे कार्पेट एरियावर ठरते. घरातल्या भिंतींच्या आतली वापरायची जागा आणि खोल्यांमधल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत.

जाहिरात हातात आली की आपण चार गोष्टी बघू या. पहिली, महारेराचा नोंदणी क्रमांक. अगदी लहान इमारती सोडल्या तर तो जाहिरातीत हवाच. ऑगस्ट २०२३ पासून सोबत क्यूआर कोडही असतो. मोबाइल धरला की मंजुरी, नकाशे आणि ताबा कधी मिळणार ती तारीख समोर येते. दुसरी, चटई क्षेत्र किती ते लेखी घ्यायचं. तिसरी, नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे द्यायचे नाहीत. चौथी, जाहिरातीचं पान जपून ठेवायचं. त्यात खोटं सांगून पैसे घेतले असतील तर भरपाई मागता येते.

आणि एक आपल्यासाठी. घर बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. घरी बोलणं निघेल तेव्हा हे नक्की सांगा. रान विकताना अंगठा किंवा सही आपली घेतात, तर घराच्या कागदावरही नाव आपलं असू द्या.

ताईंच्या पानावर आम्ही क्रमांक शोधला. मागूनपुढून पाहिलं, नव्हताच. ताईंनी तिथूनच मुलाला फोन लावला आणि म्हणाल्या, “आधी नंबर विचार, मग आत टेप लावून ये. तोवर रान आहे तिथंच आहे.”