रोगाभिसर

चरकसंहितेने वैद्यांचे सरळ दोन वर्ग केले: प्राणाभिसर आणि रोगाभिसर. अभिसर म्हणजे सोबत चालणारा, पाठीराखा. पहिला प्राणांचा पाठीराखा आणि रोगाचा मारेकरी. दुसरा रोगाचा पाठीराखा आणि प्राणांचा मारेकरी. भोंदू वैद्याला याहून नेमके नाव नंतर कुणी दिले नाही.

संहितेच्या सूत्रस्थान या विभागाच्या २९व्या अध्यायातले त्याचे वर्णन आजही अंगावर येते. वैद्याचा वेष चढवून तो गल्लोगल्ली हिंडतो. कुणी आजारी असल्याचे कानावर आले की तिकडे धाव घेतो, रुग्णाला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःचे गुण गातो, आधीच्या वैद्याच्या चुका काढतो. रुग्णाच्या मित्रांना गोड बोलून वश करतो, पैशाची फारशी अपेक्षा नाही असे भासवतो. रोग हटला नाही, की दोष रुग्णाचा: साधने नव्हती, सेवेला माणसे नव्हती, स्वतःवर ताबा नव्हता. शेवट जवळ आला, की काहीतरी सबब सांगून तो दुसरा मुलूख गाठतो. त्याचा गुरू कोण, सहाध्यायी कोण, हे कुणालाच ठाऊक नसते.

मराठीत रोगाभिसर हा शब्द रुजला नाही. बोलण्यात त्याची जागा पुष्कळदा ‘वैदू’ने घेतली, आणि इथे मोठा अन्याय झाला. वैदू ही झाडपाल्याची औषधे देणारी, तुंबडी लावून रक्त काढणारी भटकी जमात. दवाखाना नसलेल्या गावांना तिचाच आधार होता. चरकाने माणसाची वागणूक पाहून नाव दिले होते. आपण एका अख्ख्या जमातीच्या नावाची शिवी केली.

कायद्याने निराळा मार्ग धरला, तो नोंदवहीचा. मुंबई प्रांतात १९१२च्या कायद्याने पाश्चात्त्य वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली. वैद्य-हकिमांसाठी तशी सोय १९३८च्या कायद्याने झाली. पण नोंदवहीत नाव असलेला माणूसही रोगाभिसर ठरू शकतो. मुंबईतल्या एका होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले, रुग्णाच्या पत्नीला ३ लाख रुपयांची भरपाई दिली आणि स्पष्ट केले: ज्या पद्धतीचे ज्ञान नाही तिचे उपचार करणारा भोंदूच.