नावासकट बंदिश

ख्यालाच्या अंतऱ्यात अखेरीस एखादे नाव येते. सदारंग, अदारंग, मनरंग, दरसपिया, प्रेमपिया, प्राणपिया. गझलेच्या मक्त्यात शायर आपला तखल्लुस गुंफतो, तसेच हे. गवई याला मुद्रा किंवा छाप म्हणतात. ऐकणारा तानेची वाट पाहत असतो आणि नाव कानांवरून निघून जाते. आम्हांला आज या नावांपाशी थोडे थांबायचे आहे.

सदारंग म्हणजे नियामत खान, मोहंमदशहाच्या (१७१९–१७४८) दरबारातले बीनकार. त्यांची आख्यायिका गवयांच्या घरोघरी सांगितली जाते. सारंगियाप्रमाणे गाणाऱ्याच्या मागे बसून बीनची साथ करावी, असे बादशहाने फर्मावले. तानसेनाच्या वंशातला कलावंत हे कसे ऐकणार? ते दरबार सोडून गेले. अज्ञातवासात त्यांनी ख्याल रचले, त्यांत बादशहाचे नाव घातले आणि दोन कव्वाल मुलांना शिकवले. ती मुले दरबारात गायली तेव्हा बादशहाने विचारले, ही चीज कुणाची? मग समेट झाला. गोष्ट शब्दशः खरी मानायची गरज नाही. पण कित्येक ख्यालांत बादशहा आणि त्याचा कलावंत यांची नावे शेजारी शेजारी नांदतात, एवढे खरे. मौज अशी की, सदारंगांनी आपल्या वंशजांना म्हणे ध्रुपदच दिले. ख्याल दिला तो बाहेरच्या शिष्यांना!

नियामत खानांना प्रत्यक्ष ऐकणारा एक साक्षीदार आपल्याच मुलखातला आहे. दर्गाह कुली खान याचा जन्म संगमनेरचा. निजाम आसफजाहबरोबर तो दिल्लीला गेला, १७४१ पर्यंत तिथे राहिला आणि तिथल्या मैफली, उरूस, कलावंत यांची हकिगत त्याने फारसीत लिहून ठेवली. ‘मुरक्का-ए-दिल्ली’ म्हणून ती ओळखली जाते. नियामत खानांच्या बीनची त्याने मुक्तकंठाने तारीफ केली आहे. मार्च १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्लीत कत्तल केली, तेव्हाही तो तिथेच होता. मयूरासन गेले, खजिना गेला. पुढे कलावंतही आश्रय शोधत पांगले आणि त्यांच्याबरोबर ख्यालही गावोगाव गेला.

या ख्यालांत काय असते? सासू-नणंदेचा जाच, पावसाळी रात्र, लग्नातला बनरा, ख्वाजांची दुवा, निजामुद्दीन औलियांची चौखट, आणि अर्थात घागर फोडणारा कन्हैया. इथेच दोन्हीकडून हरकत येते. आपल्यातले काही म्हणतात, हे आपले नव्हे. पलीकडचे काही म्हणतात, हे त्यांचे कसे असेल? आमच्या मते या वादाचा निकाल अंतऱ्यातच लागलेला आहे. ज्याने रचले त्याने सही करून ठेवली आहे.

पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांनी या सह्या जपल्या, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. उस्तादांच्या दारी खेटे घालून, कुठे विनवण्या करून, कुठे नाराजी पत्करून त्यांनी चिजा मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापल्या. स्वतःच्या रचनांत त्यांनी ‘हररंग’ हे नाव घातले. ‘रंग’ कुठून आला, हे सांगायला नको.

आग्रा घराण्याचे फैयाज खान म्हणजे ‘प्रेमपिया’. त्यांचे सासरे अत्रौलीचे महबूब खान, ‘दरसपिया’. बडोद्याच्या दरबारचे हे गवई काफीतली संस्कृत कृष्णवंदना गायचे, तेव्हा श्रोते डोलत. १९५० साली त्यांचा इंतकाल झाला. बडोद्यातच त्यांची मजार आहे. २००२ च्या दंगलीत तिची विटंबना झाली. ज्यांनी ती केली त्यांच्यापैकी कुणी ती वंदना ऐकली होती का, हा प्रश्न आम्हांला अजून पडतो.

याच घराण्याचे विलायत हुसेन खान (१८९५–१९६२) ‘प्राणपिया’ नावाने रचना करीत. मुंबईत त्यांनी अनेक मराठी शिष्य तयार केले. त्यांतले एक जगन्नाथबुवा पुरोहित. जोगकंस राग त्यांच्या नावावर आहे. त्यांची मुद्रा ‘गुणिदास’. त्यांचे शिष्य चिं. रा. व्यास यांनी ‘गुणिजान’ नावाने दोनशेच्या वर बंदिशी बांधल्या.