यामानाकाचा मुक्काम

लांबच्या पायी प्रवासाचीं वर्णनें वाचतांना वाचकाचें लक्ष चाललेल्या कोसांकडे असतें. मुक्कामाचे दिवस तो रिकामे समजून उलटून जातो. परंतु प्रवासाचा खरा हिशेब पुष्कळदां मुक्कामांतच होतो, असें आम्हांस वाटतें. जपानी कवि मात्सुओ बाशो याचा १६८९ मधील प्रवास याची साक्ष देईल.

त्या वर्षीच्या मे महिन्यांत बाशो आपला शिष्य सोरा यास घेऊन एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, निघाला. उत्तरेकडील दुर्गम प्रदेश पाहून, पश्चिम किनाऱ्यानें उतरत, ते सप्टेंबरांत यामानाका या उष्णोदकाच्या गांवीं पोंचले. कानाझावा येथील होकुशी हा शिष्यही आतां सोबत होता. येथें त्यांनीं आठ रात्री विश्रांति घेतली.

बाशोनें त्या पाण्याची थोरवी शेवंतीच्या फुलाशीं जोडून गायिली. तेथील सार्वजनिक स्नानगृह आजही त्याच फुलाचें नांव धारण करतें. उतरण्याच्या घराचा मालक अवघा १४ वर्षांचा मुलगा होता. त्यास शिष्य करून बाशोनें ‘तोयो’ हें कविनाम दिलें व त्यांत आपल्या ‘तोसेइ’ या पूर्वीच्या नांवांतील आद्याक्षर घातलें.

सोराला मात्र हें पाणी मानवलें नाहीं. पोटाचें दुखणें चालतांना कसेंबसें ओढून नेतां येतें. थांबल्यावर त्याकडे पाहावेंच लागतें. इसे प्रांतांतील नागाशिमा येथें आप्तांकडे पुढें जाण्याचें त्यानें ठरविलें. तिघांनीं मिळून निरोपाची काव्यमाला रचिली आणि चार महिन्यांची सोबत तुटली.

बाशोचा प्रवासग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, १७०२ मध्यें, छापला गेला. सोराची दैनंदिनी १९४३ मध्यें प्रसिद्ध झाली, तेव्हां दोहोंतील भेद उघड झाले. ग्रंथांत नातादेरा मंदिराचें दर्शन यामानाकाच्या वाटेवर येतें. दैनंदिनीप्रमाणें बाशो व होकुशी निरोपाच्या दिवशींच नाताकडे गेले. हा क्रम कवीनें बुद्ध्याच बदलला असावा, असें आमचें मत आहे. निरोपानंतर मंदिराची शोभा वर्णिली असती तर विरहाची धार बोथट झाली असती. म्हणून ग्रंथांत पुढें झेन्शोजी हें मंदिरच येतें, जेथें सोरा आदल्या रात्रीं राहून गेला होता.

ओगाकी येथें प्रवास संपला, तेव्हां सोरा इसेहून येऊन गुरूस भेटला. यामानाकास तो वेळींच थांबला, म्हणूनच ही भेट घडली असावी.